तांत्रिक पुस्तकांच्या अभ्यासासाठी ई-रीडर घ्यावा का? (बडोदेकरांनो, मदत हवी आहे)

विद्युतलता

नमस्कार मंडळी,

मी मकरपुऱ्याला ट्रान्सफॉर्मरच्या एका कारखान्यात टेस्टिंगला आहे. यंदा एनर्जी ऑडिटरची (कारखान्यांचा ऊर्जावापर तपासणाऱ्याची) राष्ट्रीय परीक्षा द्यायचं ठरवलंय. अभ्यासाला ब्युरो ऑफ एनर्जी एफिशियन्सीची चार गाइडबुकं आहेत: पहिलं सर्वसाधारण विषयांचं, दुसरं बॉयलर-भट्ट्या-वाफेचं, तिसरं विजेच्या यंत्रणांचं आणि चौथं यंत्रांची कामगिरी कशी मोजायची त्याचं. चारही पीडीएफ मोफत मिळतात, त्यामुळे पुस्तकांचा खर्च नाही.

प्रश्न आहे तो वाचायचं कशावर हा. दिवसभर कारखान्यात मॉनिटरसमोर असते, संध्याकाळी दांडिया बाजारला घरी येऊन पुन्हा लॅपटॉप उघडायला डोळे तयार नसतात. फोनवर वाचायला घेतलं की पाच मिनिटांत कोणाचा तरी मेसेज येतो. झेरॉक्स काढून स्पायरल करून घेतलं तर चार जाड गठ्ठे होतात आणि माझं येणंजाणं बसने असतं.

ई-रीडरबद्दल जे सापडतं ते सगळं कथा-कादंबऱ्या वाचणाऱ्यांनी लिहिलेलं. मला सूत्रं, कोष्टकं आणि आलेख असलेली पुस्तकं वाचायची आहेत. समासात लिहायचं आहे. सातव्या प्रकरणातलं गणित सोडवताना तिसऱ्या प्रकरणातलं कोष्टक पुन्हा पुन्हा बघायचं आहे. असा अभ्यास या यंत्रावर कोणी केला असेल तर कृपया सविस्तर लिहा. सहा-सात इंची घ्यावा की दहा इंची? किमतीत दुपटी-तिपटीचा फरक आहे, म्हणून विचारते.

सुरसागर

बिनधास्त घ्या. मी रोज रात्री वाचते, डोळ्यांना अजिबात त्रास नाही. आणि हलका इतका की आडवं पडून एका हातात धरता येतो.

विद्युतलता

धन्यवाद सुरसागर. कादंबरीसाठी तो उत्तम असणार यात मला शंका नाही. पानभर पसरलेलं बॉयलरच्या उष्णता-हानीचं कोष्टक त्यावर कसं दिसतं, हे कळत नाहीये.

नंदेसरी

ताई, मी केमिकल प्रोसेसमधला माणूस. सात इंची आणि दहा इंची दोन्ही यंत्रं वापरतो आणि कामाची पुस्तकं त्यावरच वाचतो. तेव्हा जरा लांबण लावतो.

आधी हे ठरवा की तुमचं पुस्तक ईपब आहे की पीडीएफ. ईपब म्हणजे एका गठ्ठ्यात बांधलेली वेबपानं. अक्षर मोठं केलं की ओळी नव्याने जुळतात आणि पडदा केवढाही असला तरी मजकूर त्यात मावतो. पीडीएफचं पान छापल्यासारखं पक्कं असतं. लेखकाने ए-४ वर मांडलं असेल तर ते ए-४च राहतं, यंत्र फक्त आक्रसून दाखवतं. तुमची चारही गाइडबुकं पीडीएफ आहेत, म्हणून तुमच्या बाबतीत निर्णय पानाच्या मापावर होणार. ब्रँड, साठवण, बॅटरी हे सगळं त्यानंतर.

आता हिशेब बघा. ए-४ पान २१० मि.मी. रुंद आणि २९७ मि.मी. उंच. सात इंची पडदा (इंच कर्णावर मोजतात) साधारण १०७ बाय १४२ मि.मी. भरतो. म्हणजे पूर्ण पान बसवलं तर ते ४८ टक्क्यांवर येतं आणि १० पॉइंटचं (पॉइंट म्हणजे छपाईतलं अक्षराचं माप) अक्षर पाच पॉइंटच्याही खाली जातं. औषधाच्या डबीतल्या घडीच्या कागदावर असतं तेवढं. आता समास छाटा. चारी बाजूंनी २५ मि.मी. कोरं सोडलं असेल तर खरा मजकूर १६० मि.मी. रुंदीतच असतो. तो सात इंचीवर रुंदीला बसवला की अक्षर ६.७ पॉइंटला येतं. यंत्र आडवं धरलं तर जवळजवळ ८.९, पण मग एक पान दोन-तीन टप्प्यांत वाचावं लागतं.

१०.३ इंचीचा पडदा साधारण १५७ बाय २०९ मि.मी. असतो, म्हणजे जवळपास ए-५. पूर्ण ए-४ पान त्यावर ७० टक्क्यांनी बसतं. समास छाटून पूर्ण मजकूर बसवला तर ८५ टक्के, आणि नुसत्या रुंदीला बसवला तर ९८ टक्के, म्हणजे छापल्याएवढंच अक्षर. १३.३ इंचीवर ए-४ जवळजवळ जसंच्या तसं दिसतं, पण त्याची किंमत बघून मी थांबलो.

आता माझी सूचना. एक रुपया खर्च करण्याआधी झेरॉक्सच्या दुकानात जा. तुमच्या पुस्तकातली सगळ्यात किचकट तीन-चार पानं निवडा: एक मोठं कोष्टक, एक आलेख, एक सूत्रांनी भरलेलं पान. त्यांच्या ७१ टक्के आणि ५० टक्के अशा प्रती काढून घ्या. ७१ टक्के म्हणजे ए-४चं ए-५, ते तर मशीनवर तयारच असतं. त्या प्रती घरी तुमच्या नेहमीच्या दिव्याखाली वाचा आणि वहीत गणित सोडवून बघा. दहा इंची आणि सात इंचीवर न छाटलेलं पान केवढं दिसेल ते तुम्हाला तिथेच कळेल. दुकानातला डेमो पीस हे सांगत नाही, कारण त्यावर नेहमी मोठ्या अक्षरातली गोष्ट उघडलेली असते.

टेक्नो_थर्डइयर

नंदेसरीकाका, झेरॉक्सची आयडिया जबरदस्त आहे 🙏

मी मेकॅनिकलला आहे, कलाभवनात, म्हणजे विद्यापीठाच्या तंत्रशाखेत. माझा अनुभव रंगांबद्दल लिहितो. आमच्या पुस्तकांत स्ट्रेसची रंगीत चित्रं असतात, लाल म्हणजे जास्त ताण, निळा म्हणजे कमी, मध्ये पिवळा-हिरवा. काळ्या-पांढऱ्या पडद्यावर गडद लाल आणि गडद निळा दोन्ही सारखेच काळपट दिसतात आणि मधला पिवळा उजळ. म्हणजे जिथे भाग तुटायची शक्यता सगळ्यात जास्त आणि जिथे सगळ्यात कमी, त्या दोन्ही जागा एकाच करड्या रंगात. चित्र बघून उलटाच अर्थ लागू शकतो. अशी पानं मी लॅपटॉपवरच बघतो.

रंगीत ई-इंक (ई-रीडरचे कागदासारखे दिसणारे पडदे) निघालेत. मित्राच्या यंत्रात कॅलिडो ३ पडदा आहे. काळा मजकूर ३०० पीपीआयवर (इंचाला ३०० ठिपके) दिसतो, रंग मात्र १५० वर, आणि ते फिके असतात. आकृतीतल्या रेषा ओळखायला पुरतात. बारीक छटांच्या चित्राला नाही पुरत.

कोडकर

प्रोग्रॅमिंगची पुस्तकं वाचणाऱ्यांसाठी भर घालतो.

कोडची ओळ ८० अक्षरांची धरली तर सात इंचीवर उभ्यात एका अक्षराच्या वाट्याला १.३ मि.मी. येतं, म्हणजे साधारण सव्वासहा पॉइंटचा टाइप. त्याहून मोठं केलं की ओळ मोडून खाली येते. सी किंवा जावामध्ये ते निभतं, कारण कंस असतात. पायथॉनमध्ये ओळ किती आत सरकली आहे यावरच अर्थ ठरतो, त्यामुळे मोडलेली ओळ शिकणाऱ्याला हमखास चकवते. यंत्र आडवं धरा, सव्वाआठ पॉइंटपर्यंत जाता येतं.

दुसरं, ईपब आहे म्हणून निश्चिंत होऊ नका. बऱ्याच तांत्रिक ईपबमध्ये सूत्रं चित्रं म्हणून चिकटवलेली असतात. मजकूर मोठा केला तरी सूत्र तेवढंच राहतं, कधी ओळीच्या वर लटकतं, कधी फिकट दिसतं. ईपब ३ हे मानक २०११मध्ये आलं आणि त्यात सूत्रं मजकुरासारखी लिहिण्यासाठी मॅथएमएल ही खूणभाषा आहे, पण प्रकाशकाने ते वापरायला हवं आणि यंत्राने ते दाखवायला हवं. विकत घेण्याआधी नमुना प्रकरण उतरवून त्यातलं एक सूत्राचं पान बघा. पुस्तकात फार गणित असेल तर मी चांगली पीडीएफ आणि मोठा पडदाच निवडतो.

कॅलिबर हे सॉफ्टवेअर संगणकावर घेऊन ठेवा. फुकट आहे, आपल्या कोविद गोयल यांनी २००६पासून वाढवलेलं. पुस्तकं लावून ठेवायला आणि रूपांतर करायला त्याच्यासारखं दुसरं नाही. फक्त सूत्रं-कोष्टकं असलेल्या पीडीएफचं ईपब त्यात करू नका, कोष्टकाच्या ओळी-रकाने विस्कटून जातात.

विद्युतलता

मंडळी, किती नेमकं लिहिलंय सगळ्यांनी. झेरॉक्सचा प्रयोग या शनिवारी करते आणि इथे लिहिते.

तोवर एक शंका: पुढे-मागे उलटण्याचं काय? छापील पुस्तकात मी एक बोट कोष्टकात आणि एक बोट गणितात ठेवून बसते. यंत्रावर हे कसं जमवता?

ग्रंथिका

विद्युतलता, तुझा हा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. माझी नोकरी ग्रंथालयातली, म्हणून यावर झालेलं काम थोडं वाचलं आहे.

अमेझॉनने २००९ साली ९.७ इंची किंडल डीएक्स हा ई-रीडर काढला तो विद्यार्थ्यांची पाठ्यपुस्तकं डोळ्यांपुढे ठेवूनच. अमेरिकेतल्या काही विद्यापीठांत तो वर्गात वापरून पाहिला. वॉशिंग्टन विद्यापीठात कॉम्प्युटर सायन्सच्या ३९ पदव्युत्तर विद्यार्थ्यांना तो दिला आणि ते कसे वाचतात याचा अभ्यास केला. सात महिन्यांनी त्यांतल्या ६० टक्क्यांहून जास्त जणांनी अभ्यासाच्या वाचनासाठी तो नियमित वापरणं सोडलं होतं. संगणक शिकणारी मुलं ही, यंत्राला बिचकणारी नव्हेत. कारणं बघ: अभ्यास करणारा माणूस सतत वाचायची रीत बदलतो. आधी पान चाळतो, मग एक परिच्छेद बारकाईने वाचतो, मग संदर्भ शोधायला मागे जातो, समासात खूण करतो. आणि "ते डाव्या पानावर खाली होतं" अशी जागेची आठवण ठेवतो. या सगळ्यात ते यंत्र अडत होतं.

जागेच्या आठवणीबद्दल नॉर्वेतल्या ॲन मांगेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा २०१९चा एक प्रयोग आहे. ५० जणांनी एकच दीर्घ रहस्यकथा वाचली, निम्म्यांनी छापील, निम्म्यांनी किंडलवर. समजण्यात बहुतेक बाबतीत फरक पडला नाही. पण कोणती घटना कुठे, कशाच्या आधी-नंतर, यात छापील वाचणारे सरस ठरले. आणि २०१८मध्ये ५४ अभ्यास एकत्र करून केलेल्या मोठ्या पाहणीत माहितीपर मजकुराच्या आकलनात कागद पुढे निघाला, त्यातही वेळेचं बंधन असताना जास्त. त्यातले पडदे बहुतेक संगणकाचे होते, हे लक्षात ठेवायला हवं. कथांमध्ये मात्र असा फरक दिसला नाही, म्हणजे सुरसागरताईंचा अनुभवही खराच आहे.

याचा अर्थ घेऊ नकोस असं नाही. तुला कागदाची गरज नेमकी कुठे आहे ते वेगळं काढ, एवढंच. प्रकरणं यंत्रावर वाच. ज्यात पुन्हा पुन्हा डोकावायचं आहे ती कोष्टकं, वाफेचे तक्ते, रूपांतराचे गुणक आणि तुझी सूत्रांची यादी कागदावर काढून एका पातळ फाइलमध्ये लाव. तुझं दुसरं बोट त्या फाइलमध्ये राहील.

मोठे संदर्भग्रंथ आणि हँडबुकं यंत्रावर वाचायच्या भानगडीत पडू नकोस. आपल्याकडे त्यासाठी ग्रंथालयं आहेत, विद्यापीठाचं हंसा मेहता ग्रंथालय आहे. या गावाने तांत्रिक ज्ञानाच्या पुस्तकांवर फार मन लावून काम केलंय. १८९०मध्ये कलाभवन निघालं त्या काळात रसायनशास्त्रज्ञ त्रिभुवनदास गज्जरांनी सयाजीरावांच्या आश्रयाने तांत्रिक विषयांची पुस्तकं गुजराती-मराठीत तयार करवून घेण्याचा प्रकल्प हाती घेतला होता. कारागिराला इंग्रजीवाचून अडू नये ही त्यामागची तळमळ. आज चांगलं इंग्रजी पुस्तक एका क्षणात हाती येतं, पण शांत बसून ते पचवायची सोय ज्याची त्यालाच करावी लागते. म्हणून तुझा धागा मला इतका मोलाचा वाटला.

सुरसागर

ग्रंथिकाताई, माझी बाजू घेतलीत, बरं वाटलं :)

नंदेसरी

ग्रंथिकाताईंच्या फाइलच्या सूचनेला माझा पूर्ण दुजोरा. त्यात प्लांटवरच्या माणसांसाठी एक गोष्ट जोडतो, बडोद्यात ती सांगायलाच हवी.

रिफायनरी, पेट्रोकेमिकल किंवा सॉल्व्हंटच्या प्लांटमध्ये जिथे ज्वलनशील वाफा असू शकतात, त्या भागात साधा फोन नेता येत नाही, तसा ई-रीडरही नेता येत नाही. त्या क्षेत्रासाठी प्रमाणित केलेलं उपकरणच चालतं आणि आपले ई-रीडर तसे नसतात. पंपाशेजारी उभं राहून त्याचा कर्व्ह (पंपाच्या कामगिरीचा आलेख) बघायचा असेल तर कागदच लागतो. मी नव्या मुलांना सांगतो, कंट्रोल रूममध्ये वाचा, खाली जाताना लागणारी पानं खिशात घ्या.

आता उलटण्याच्या युक्त्या, मी करतो त्या. पीडीएफचे तुकडे करतो: प्रत्येक प्रकरण एक फाइल, उत्तरं वेगळी, परिशिष्ट वेगळं. मग अनुक्रमणिकेत शोधत बसावं लागत नाही आणि मोठी फाइल उघडायला लागणारा वेळही वाचतो. यंत्रावर केओरीडर हे मुक्त सॉफ्टवेअर चालत असेल तर जरूर घाला. त्यात समास छाटणं, दोन रकान्यांच्या पानावर एकेक रकाना दाखवणं, मागच्या जागी परत जाणं, सगळं नीट आहे. ते चालत नसेल तर संगणकावर के-टू-पीडीएफ-ऑप्ट वापरा. तो स्कॅन केलेल्या पानाचेसुद्धा शब्द कापून लहान पडद्यासाठी पुन्हा मांडतो. साध्या मजकुराला छान, सूत्रांच्या पानावर काय होतंय ते तपासून बघा.

आणि यंत्राशेजारी वही-पेन हवंच. पडद्यावर अधोरेखित केलेलं गणित आपल्याला येतंय असं वाटतं. ते कागदावर सुटलं तरच खरं.

फतेगंज

इथे कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. २०२४च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्री नदीचं पाणी आमच्या तळमजल्यावर शिरलं. खालच्या दोन फळ्यांवर माझी कॉलेजपासूनची पुस्तकं होती, स्विचगिअर, प्रोटेक्शन, मोटर वाइंडिंग. प्रत्येकात समासात लिहिलेल्या टिपा. सगळी फुगून एकमेकांना चिकटली. काही अगाशीवर वाळवली, पण आर्ट पेपरची पानं सुटलीच नाहीत. पुस्तकं पुन्हा विकत मिळाली. टिपा गेल्या त्या गेल्याच.

तेव्हापासून टिपा मी दहा इंचीवर पेनने लिहितो आणि दर महिन्याला पीडीएफ करून दोन ठिकाणी ठेवतो. लिहिण्याची सोय असलेलं यंत्र घेणाऱ्यांनी हे आधी विचारून घ्यावं: माझ्या हस्ताक्षरातल्या टिपा पुस्तकासकट बाहेर काढता येतात का, की त्या त्याच यंत्रात अडकतात? फार कळीचा मुद्दा आहे हा.

कोडकर

फतेगंज, वाचून वाईट वाटलं. हाताने लिहिलेल्या टिपांचं दुःख पुस्तक परत मिळालं तरी जात नाही.

तुमच्या शेवटच्या मुद्द्यावर: साध्या किंडलमध्ये अधोरेखित केलेला मजकूर एका टेक्स्ट फाइलमध्ये जमा होतो, यंत्र संगणकाला जोडलं की ती उचलता येते. पण पीडीएफ स्कॅन केलेली असेल तर तिच्यात मजकूर नसतोच, फक्त पानांचे फोटो असतात. मग अधोरेखन नाही, शोध नाही, शब्दकोश नाही. अशा फाइलवर आधी ओसीआर करून घ्या, म्हणजे फोटोतली अक्षरं ओळखून त्यांचा मजकूर होतो.

टेक्नो_थर्डइयर

एक प्रश्न. आमच्याकडे सगळे टेलिग्रामवरून पुस्तकं उतरवतात. ती यंत्रावर चालतात का?

ग्रंथिका

बाळा, चालतात की नाही हे मी सांगणार नाही. लेखकाने वर्षानुवर्षं खपून लिहिलेलं असतं ते. आणि कायदेशीर मार्गाने मोफत मिळणारं इतकं आहे की त्या वाटेला जायची गरजच नाही. ओपनस्टॅक्सची भौतिकशास्त्र-गणिताची पाठ्यपुस्तकं, एमआयटीचं ओपनकोर्सवेअर, आपल्या आयआयटींचं एनपीटेल. भारतीय मानक ब्युरोची बरीचशी मानकंही आता संकेतस्थळावरून मोफत उतरवता येतात. एवढं वाचून झालं की सांग, आणखी देते.

टेक्नो_थर्डइयर

नक्की ताई. मानकं मोफत आहेत हे माहीतच नव्हतं, प्रोजेक्टला लगेच लागणार आहेत.

विद्युतलता

झेरॉक्सचा प्रयोग केला, सविस्तर लिहिते.

दुसऱ्या आणि तिसऱ्या गाइडबुकातली पानं निवडली: बॉयलरची अप्रत्यक्ष पद्धतीने काढलेली कार्यक्षमता, कूलिंग टॉवरचं एक गणित, पंपाचा कर्व्ह आणि पंप-पंख्यांचे ॲफिनिटी नियम असलेलं पान. ७१ आणि ५० टक्के अशा प्रती काढल्या. रात्री जेवणं आटोपल्यावर स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून वाचल्या.

५० टक्क्यांवर मजकूर ओढूनताणून वाचता येतो. पण ॲफिनिटीच्या पानावर अडले. प्रवाह वेगाच्या प्रमाणात, दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात आणि शक्ती घनाच्या प्रमाणात. सूत्रातला वरचा आकडा २ आहे की ३ ते मला दिसेना. नियम पाठ आहेत म्हणून कळलं. हा फरक लहान नाही. पंपाचा वेग ८० टक्क्यांवर आणला तर घनाने शक्ती ५१ टक्के येते आणि वर्गाने ६४. बचतीचा सगळा हिशेबच बदलतो. नवीन सूत्र अशा पडद्यावर शिकायचं म्हणजे डोळ्यांवर विसंबून शिकायचं आणि डोळे तर दगा देतायत.

७१ टक्क्यांवर सगळं वाचता आलं. सूत्रातले वरचे-खालचे आकडे बारीक वाटले, पण ओळखू येतात. मग पट्टी घेऊन मोजलं. माझ्या छापील प्रतीत मजकुराची रुंदी १६५ मि.मी. भरली. नंदेसरीकाकांच्या पद्धतीने हिशेब केला तर १०.३ इंचीवर समास छाटून रुंदीला ९५ टक्के येतात. म्हणजे उरलेली अडचणही मिटली.

कर्व्हचं पान मात्र ७१ टक्क्यांवरही नीट वाचता येत नाही. कार्यक्षमतेच्या रेषा एकमेकींत मिसळतात. असे आलेख मी ए-४ वर काढून फाइलमध्ये लावले. ग्रंथिकाताई, तुमची पातळ फाइल तयार आहे: तक्ते, आलेख आणि सूत्रांची यादी.

तर निर्णय: १०.३ इंची, पेनसकट. त्याला पैसे थोडे साठवावे लागतील, दिवाळीनंतर घेईन. तोपर्यंत पहिलं गाइडबुक वाचायला सुरुवात केलीय. अँड्रॉइडवालं यंत्र नको, त्यावर पुन्हा मेसेजचं ॲप घालायचा मोह होईल. आणि फतेगंजभाऊ, टिपा बाहेर काढता येतात का हे दुकानदाराला विचारून, समोर करून दाखव म्हणून सांगणार आहे.

फतेगंज

जरूर सांगा. माझ्या यंत्रावर बघायचं असेल तर रविवारी सकाळी या, तुमचं गाइडबुक पेनड्राइव्हवर आणा. सौ. घरीच असते, चहा होईल.

विद्युतलता

येते भाऊ, फावेल मला रविवार. यजमानांनाही घेऊन येते.

सुरसागर

कर्व्हचं पान ए-४ वर काढताना झेरॉक्सवाल्याला काळं जरा वाढवायला सांगा, माझा मुलगा तसंच करतो.

विद्युतलता

नंदेसरीकाका, शेवटचं एक. समास छाटताना माझ्या फाइलमध्ये डावं-उजवं पान सारखं नाही. बांधणीसाठी डाव्या पानाला उजवीकडे जास्त जागा सोडली आहे, उजव्याला डावीकडे. एकाच मापाने छाटलं की एका बाजूच्या ओळींची टोकं कापली जातात.

नंदेसरी

त्यासाठी ब्रिस नावाचं छोटं मोफत सॉफ्टवेअर आहे, संगणकावर चालतं. ते सम पानांचा एक आणि विषम पानांचा एक असे गट करून सगळी पानं एकावर एक ठेवून दाखवतं, त्यामुळे दोन्हीसाठी वेगळी चौकट आखता येते. चौकट आखताना पृष्ठक्रमांक आत राहू द्या, नाहीतर अनुक्रमणिकेत लिहिलेलं पान सापडणार नाही. मूळ फाइल तशीच ठेवा आणि छाटलेली वेगळ्या नावाने जतन करा. यंत्रावर कर्व्हची पानं धूसर दिसली तर दर पानाला पूर्ण रिफ्रेश सुरू करा. आधीच्या पानाची पुसट सावली राहते ती जाते, बॅटरी थोडी जास्त लागते इतकंच.